रिकाम्या फोल्डरचा गुन्हा

ती घटना आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. दरोडे उघडकीस आणले, हरवलेली लेकरं आईच्या हाती दिली, आणि त्या गोष्टी लग्नकार्यांत नि निरोपसमारंभांत मीठमसाला लावून सांगितल्या. ही मात्र कुठेच सांगितली नाही. आमच्या हिलासुद्धा अर्धीच माहीत आहे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी बेंगळूरला होसूर रस्त्याच्या बाजूच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमचं घराणं चार पिढ्यांपासून याच शहरातलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. माझ्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' कधी घुसतात ते मला कळत नाही, आणि पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. पण खात्यात मला या मराठीचा फार उपयोग झाला. मराठी माणूस आरोपी म्हणून समोर आला की मी आधी कन्नडमध्ये दरडावायचो, मग आवाज उतरवून मराठीत विचारायचो, "जेवलात का?" परमुलखात, तेही कोठडीत, आपली भाषा ऐकली की माणूस विरघळतो. पुढचं काम सोपं व्हायचं. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत साचे बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकाने फिर्याद दिली, की एका नव्या साच्याची सगळी आरेखनं प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली आहेत. कपाटातला एक कागदही हलला नव्हता. गेल्या होत्या त्या संगणकातल्या फाइली, आणि त्याही 'गेल्या' नव्हत्या, जागच्या जागी होत्या. कोणीतरी नक्कल बाहेर दिली होती. संगणकाच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता. ठाण्याची लिखापढी करणारा आमचा रायटर पेन हातात धरून विचारत राहिला, "कळवु अंत बरीला, सार?" म्हणजे चोरी म्हणून लिहू का? काहीच गेलं नसताना चोरी कशी लिहायची, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आम्ही चोरी आणि विश्वासघात, दोन्ही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. पुरुषाचा आवाज, कन्नडमध्ये, दबलेला. म्हणाला, कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या फोल्डरात ती आरेखनं आहेत. त्या फोल्डरचा संगणकातला पत्ताही दिला, एकेक अक्षर, मधल्या तिरक्या रेघांसकट. रायटरने तो जसाच्या तसा स्टेशन डायरीत उतरवला. नाव न सांगता फोन ठेवला गेला. इतका नेमका पत्ता देणारी खबर मला नोकरीत क्वचितच मिळाली होती, त्यामुळे मी खूश होतो. इतका नेमका पत्ता कोणाला पाठ असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

दोन पंच आणि राजाजीनगरात संगणकाचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ 'तज्ज्ञ' म्हणून घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. आरेखन विभागाचा प्रमुख दारातच पुढे आला. पन्नाशीचा, मिठ्ठास बोलणारा. त्याने आम्हाला बसवलं, कॉफी सांगितली. अभियंता तिशीचा, सडसडीत, चष्मेवाला. त्याच्या टेबलावरच्या यंत्रात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. त्याने ते स्वतः सीडीवरून घातलं होतं. आमचे तज्ज्ञ पडदा बघून गप्पच झाले. शेवटी अभियंत्यानेच आम्ही दिलेला पत्ता टाइप केला आणि पडद्यावर चाळीसेक फाइलींची यादी उमटली. मालकाने ओळखल्या. तीच आरेखनं.

"हे इथे कसं आलं?" अभियंता म्हणाला. हे वाक्य मी प्रत्येक पाकीटमाराच्या तोंडून ऐकलेलं होतं.

मी महजर लिहायला घेतला. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. 'सदर फाइली आरोपीच्या ताब्यातील संगणकात मिळून आल्या' असं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो घाईघाईने म्हणाला, "सर, एक मिनिट. हा फक्त पाथ आहे. फाइल अ‍ॅक्च्युअली कुठल्या डिस्कवर आहे ते यावरून कळत नाही. मला एक कमांड टाइप करू द्या, एकच." माझं आडनाव छातीवरच्या पट्टीवर वाचून तो मराठीत बोलत होता. मी त्याचा हात कळफलकावरून उचलून बाजूला केला. आरोपीला पुराव्याला हात लावू द्यायचा नाही, हे बरोबरच होतं. पण त्या वाक्यात काही अर्थ असेल असं मला वाटलं नाही, आणि कोणाला विचारावं असंही वाटलं नाही.

मग जप्ती. आमच्या खात्याची पद्धत अशी की चाकू सापडला तर म्यानही घ्यायची. आम्ही खोकं घेतलं, पडदा घेतला, कळफलक घेतला, माउससुद्धा पांढऱ्या कापडात शिवून लाखेची मोहर मारली. फक्त यंत्राच्या पाठीतून भिंतीकडे जाणारी एक बारीक राखाडी तार हवालदाराने उपटून तिथेच टाकली. ती भिंतीची, यंत्राची नव्हे, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटला.

पत्रकारांना मीच माहिती दिली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अभियंत्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण छापून आलं.

न्यायालयाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशीच्या खोलीत मी नेहमीचा प्रयोग केला. आधी कन्नडमध्ये धारेवर धरलं, मग खुर्ची जवळ ओढून म्हटलं, "जेवलास का रे?" त्याचे डोळे भरून आले. तो बोलायला लागला तो थांबेना. वडील साताऱ्याकडचे, इथल्या सरकारी कारखान्यात अभियंता होते, निवृत्त होऊन के. आर. पुरमला वसाहतीत राहतात. मग तो मुद्द्यावर आला. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला स्वतःचं अक्षर असतं, म्हणाला. लिनक्समध्ये सगळं एकाच झाडाला लटकवलेलं असतं. दुसरी डिस्क, अगदी दुसऱ्या यंत्रातली डिस्कसुद्धा, कुठल्याही फांदीला टांगता येते. बाहेरून बघणाऱ्याला ती आपलीच फांदी वाटते.

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. त्याने सोपं करून सांगितलं. "सर, तुमच्या घरात नळ मोरीत असतो ना? टाकी गच्चीवर. नळ मोरीत दिसला म्हणून पाणी मोरीत साठवलंय, असं कोणी म्हणेल का?"

'मग टाकी कोणाची?' एवढं विचारलं असतं तरी त्याच दिवशी गुन्हा उकलला असता. मी म्हणालो, "नळाच्या गोष्टी मला शिकवू नकोस. कोणाला दिलीस आरेखनं, ते सांग." मी त्याच्याकडून फक्त कबुली ऐकायला बसलो होतो, आणि कबुली नसलेलं सगळं माझ्या कानावरून वाहून जात होतं. मराठीत बोलल्यामुळे तो मला आपला समजला. आज याचीच जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर मोहर फोडून ठाण्यात यंत्र चालू केलं. सुरू व्हायला त्याने बराच वेळ घेतला. पासवर्ड अभियंत्याने न मागता दिला. तज्ज्ञांनी डायरीतला पत्ता बघून बघून टाइप केला.

फोल्डर रिकामा होता. एकही फाइल नव्हती.

अभियंता हसला. आनंदाने, सुटकेने हसला. "बघा सर! रिकामा आहे! म्हणजे मी सांगत होतो ते..."

मी त्याच्या कानशिलात लगावली. चष्मा उडून टेबलाखाली गेला. मला वाटलं, हा माझ्या नाकावर टिच्चून हसतोय. आपण पकडायला आलो तर पुरावा आपोआप पुसला जाईल अशी काहीतरी कळ त्याने लावून ठेवली होती आणि आता ती चालली. दोन पंच, तज्ज्ञ, शिपाई, सगळ्यांसमोर मारलं. आमचा हेड कॉन्स्टेबल, माझ्याहून वयाने मोठा माणूस, खाली वाकला आणि चष्मा शोधून त्याने तो अभियंत्याच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी केस डायरीत लिहिलं, 'आरोपीने गुप्त तजवीज करून पुरावा नष्ट केला', आणि आणखी एक कलम वाढवलं. त्याच्या निर्दोषपणाचा धडधडीत पुरावा समोर होता आणि मी त्यातूनच त्याच्यावर दुसरा गुन्हा लावला.

रोज सकाळी दहाला त्याचे वडील ठाण्यात येऊन बाकावर बसत. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर एकच ओळ होती, आरेखनाच्या कागदावर लिहितात तशा सरळ, सुटसुटीत इंग्रजी अक्षरांत.

"साहेब, मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मी आयुष्यभर लेथ बघितलं. पण पोरानं गजाआडून सांगितलंय ते उतरवून आणलंय. ते मशीन एकदा कारखान्यात मूळ जागी जोडा आणि एवढं टाइप करा. बाकी माझं काही मागणं नाही."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहून आणली. चौथ्या दिवशीही. आधीच्या कागदांचं काय झालं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी म्हणायचो, "सरी, बघतो." तिन्ही कागदांपैकी एकावरचीही ओळ मी नीट वाचली नव्हती.

पाचव्या दिवशी कोठडी वाढवून मागायला न्यायालयात उभा राहिलो. न्यायदंडाधिकारी बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, "जप्तीनंतर यंत्र मोहरबंद होतं?"

"होय."

"आरोपी कुठे होता?"

"आमच्या कोठडीत."

"मग मोहरबंद यंत्रातल्या फाइली कोणी पुसल्या?"

कळ वगैरे काहीतरी बोललो, पण बोलता बोलता मलाच ते पोकळ वाटलं. बाईंनी एकच दिवस वाढवून दिला.

परतताना जीपमध्ये हेड कॉन्स्टेबल बऱ्याच वेळाने बोलला. "सार, तप्पु तिळ्कोबेडि. अवनु हेळिद्दु ऒंद सल माडि नोडोण." रागावू नका, पण तो सांगतोय ते एकदा करून बघू या. मी पुष्कळ रागावलो. आणि तरी जीप बोम्मसंद्राकडे वळवायला सांगितली.

दुपारी यंत्र पुन्हा त्याच टेबलावर मांडलं. मालक आले, आरेखन विभागाचा प्रमुख आला, पंच होते. अभियंत्याची एका हाताची बेडी काढली. त्याने जमिनीवर पडलेली ती राखाडी तार उचलली, यंत्राच्या पाठीत खोचली आणि यंत्र चालू केलं. मग टाइप केलं. डी, एफ, एक जागा सोडून त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरचा पत्ता. दोन ओळी उमटल्या. "ही कमांड सांगते, की हा पाथ खरं म्हणजे कुठल्या डिस्कवर आहे," तो म्हणाला. "पहिला शब्द बघा सर. एचडीए. ही या खोक्यातली डिस्क. आता तुमचा पाथ देतो."

पुन्हा डी, एफ, आणि फोनवर मिळालेला पूर्ण पत्ता. पुन्हा दोन ओळी. पण या वेळी पहिला शब्द वेगळा होता. आधी दोन तिरक्या रेघा, मग एका दुसऱ्याच यंत्राचं नाव.

"हे यंत्र कुठे आहे?" मी विचारलं. पाच दिवसांतला माझा तो पहिला शहाणा प्रश्न.

अभियंत्याने बोट दाखवलं नाही. मालक मात्र काचेच्या केबिनकडे बघायला लागले. ती आरेखन विभागाच्या प्रमुखाची केबिन होती.

मग सगळं उलगडत गेलं. काही महिन्यांपूर्वी प्रमुखानेच अभियंत्याला सांगितलं होतं, की माझं काम दर आठवड्याला जपून ठेवत जा. अभियंत्याने प्रमुखाच्या यंत्रातला एक फोल्डर आपल्या झाडाच्या फांदीला टांगला, आणि त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "या फोल्डरात टाकलं की माझ्याकडे दिसतं." प्रमुखाने ते 'माझ्याकडे जातं' असं मनात धरलं. आरेखनं बाहेर देऊन झाल्यावर संशय दुसरीकडे वळवायला त्याने तो गठ्ठा त्या फोल्डरात टाकला. त्याच्या समजुतीप्रमाणे माल अभियंत्याच्या घरात पडला होता. प्रत्यक्षात तो त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून इंचभरही हलला नव्हता. आम्ही खोकं उचलून नेलं तेव्हा फाइलीही गेल्या असं समजून तो निर्धास्त झाला. तो फोल्डर त्याने उघडूनही पाहिला नव्हता. दोन्ही यंत्रं जोडणारी ती तार ठाण्यात नव्हती, म्हणून तिथे फोल्डर रिकामा दिसला. गुन्हेगाराची आणि माझी चूक एकच होती.

केबिनमधलं यंत्र पंचांसमोर उघडलं. चाळीसेक फाइली तिथे जागच्या जागी होत्या. त्या टाकल्याची तारीख आम्ही हजेरीपुस्तकाशी ताडून पाहिली. त्या दिवशी अभियंता साताऱ्याला चुलतबहिणीच्या बाळाच्या बारशाला गेला होता. मी स्टेशन डायरीतला पत्ता प्रमुखासमोर ठेवून विचारलं, अभियंत्याच्या यंत्रावरचा हा पत्ता तो स्वतः सोडून आणखी कोणाला माहीत होता?

"आठ दिवसांपूर्वी आमच्या या सरांनी माझ्याकडून लिहून घेतला होता," अभियंता हळूच म्हणाला.

प्रमुख म्हणाला, "सार, कॉफी सांगू का?" मग तो खाली बसला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा जबाब पूर्ण झाला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती चारचौघांत सांगितली असती. अभियंता सुटला. मी अहवालात लिहिलं, 'तांत्रिक बाबींचा बारकाईने तपास करून खऱ्या आरोपीस अटक केली.' वरिष्ठांनी प्रशंसापत्र दिलं. पेपरात प्रमुखाच्या अटकेची बातमी आली, त्यात माझं नाव होतं. आधी पकडलेला माणूस निर्दोष निघाला, हे त्यात नव्हतं, कारण पत्रकाराला मी ते सांगितलं नव्हतं. मालकाने अभियंत्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. "त्याचा दोष नाही हो, पण आता बाकीचे लोक कुजबुजतात," असं मला फोनवर म्हणाले.

सुटकेच्या दिवशी त्याचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "साहेब, आमच्या वसाहतीत मराठी मंडळाचा गणपती असतो. इतकी वर्षं अथर्वशीर्ष मीच सांगायचो. यंदा चिटणीस घरी येऊन म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या. लोकांनी पेपर वाचलाय, त्यांना तरी काय बोलणार? तुम्ही एकदा याल का? आरतीनंतर चार माणसांत एवढंच सांगा, की माझ्या मुलानं काही केलेलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"सरी, येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. मिरवणुकांचा बंदोबस्त होता, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. बंदोबस्त होता हे खरं, पण त्या संध्याकाळी मला अडीच तास मोकळे मिळाले होते. ते मी राजाजीनगरला बहिणीकडे सोफ्यावर बसून घालवले. ती मोदक वाढत होती. गणवेशात उभं राहून, हात जोडून, पन्नास माणसांसमोर 'मी चुकलो' म्हणायचं, हे मला झेपलं नाही. ते गृहस्थ आरती संपेपर्यंत रस्त्याकडे बघत थांबले असतील. पुढच्या वर्षीही मला त्याची आठवण झाली आणि पुढच्या वर्षीही मी गेलो नाही.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं वाचक विचारतील. तपासाच्या बाबतीत शिकवलं ते साधं आहे. 'इथे सापडलं' असं लिहिण्याआधी ते खरोखर इथेच आहे का, हे विचारावं. आणि ज्याला त्या वस्तूची माहिती आहे त्याचं ऐकावं, मग तो कोठडीत का असेना. नंतरची सगळी वर्षं हे मी शिपायांना शिकवलं. चांगलं शिकवलं. मात्र हा धडा कुठे मिळाला, ते कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मी के. आर. पुरमला गेलो. घर सापडलं. वडिलांनीच दार उघडलं. खूप थकले होते, तरी मला लगेच ओळखलं. आत घेतलं, पाणी दिलं. मुलगा पुण्याला असतो म्हणाले, चांगलं चाललंय, पण बेंगळूरला येत नाही. आम्हीच जाऊन येतो.

मी म्हणालो, "मी तेव्हा यायला हवं होतं. आता तुमच्या शेजाऱ्यांना सांगतो. म्हणाल त्यांच्या घरी जाऊन सांगतो."

ते अगदी शांतपणे म्हणाले, "कोणाला सांगणार साहेब? ते लोक घरं विकून कधीच गेले. काही वारले. आता इथे सगळे नवे आहेत. त्यांना मुळात काही माहीतच नाही."

मग मी त्यांना सांगितलं, की मी आठवणी लिहितोय, त्यात हा गुन्हा लिहीन, तुमच्या मुलाचं पूर्ण नाव घालून लिहीन, की हा माणूस निर्दोष होता आणि चूक माझी होती. एवढं तरी करू द्या.

"नको," ते म्हणाले. "तुमच्यामुळे त्याचं नाव एकदा छापून आलंय. पुन्हा नको."

म्हणून या लेखात त्याचं नाव नाही.